गाल सुजला होता तेव्हा

आई मला अहो-जाहो करायला लागली त्याला आता दीड वर्ष झालं. पहिल्यांदा मला वाटलं, थट्टा करतेय. मी कॉलेजातून घरी आले, पर्स ठेवली, तर ही खुर्चीतून अर्धवट उठत म्हणाली, "या ना, बसा. आपण कोणाकडे आलात?" मी हसले. ती हसली नाही. मग मी माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर, पाहुणी असल्यासारखी टोकावर बसले आणि तिने मला विचारलं, "चहा घेणार का आपण?"

विसरण्याचा आजार आहे, वाढत जाणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मी रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे जे व्हायचं ते होतंच, विनवण्या करून थांबत नाही, हे मला कळतं. नाव विसरली असती तरी मी चालवून घेतलं असतं. पण तिने माझ्याशी ती दुसरी भाषा बोलायला सुरुवात केली, ते मात्र मला सोसवेना.

ही दुसरी भाषा काय ते सांगायला हवं. माझे वडील वर्ध्याकडून खडकीच्या कारखान्यात नोकरीला आले, आणि आईला इथे महापालिकेच्या शाळेत शिक्षिकेची जागा मिळाली. पहिल्याच आठवड्यात ती शिक्षकांच्या खोलीत म्हणाली, "मी वर्गावर जातो." आमच्याकडे बायकाही 'जातो' म्हणतात. तिथे बसलेल्या बायकांना हसू आवरेना. एकीने विचारलं, "जातो म्हणजे कोण जातो हो? तुमचे मिस्टर आलेत का?" पण सहा महिन्यांत आईने असं पुणेरी मराठी आत्मसात केलं की त्याच बायका अर्ज लिहून घ्यायला तिच्याकडे यायच्या. मात्र ती भाषा चपलांसारखी दाराबाहेर राहायची. घरात पाऊल टाकलं की 'मले', 'तुले', 'काहून वं' सुरू. पुण्याची भाषा परक्यांसाठी, आणि आमची भाषा आमच्यासाठी, असा तिचा पक्का कायदा होता. त्या कायद्याप्रमाणे ती आता माझ्याशी शुद्ध बोलत होती. एकही चूक न करता.

पुण्याबाहेर मांजरी गावात आमच्या सोसायटीसमोर अजून उसाचा एक तुकडा शिल्लक आहे. दोन्ही बाजूंनी इमारती उठल्यात, हा मधेच हट्टाने उभा. आई सकाळी गॅलरीत बसून तो बघते. त्या सोमवारी मी तिचा चहा घेऊन गेले तेव्हा माझा डावा गाल टम्म सुजलेला होता.

दाढ पंधरा दिवसांपासून कुरकुरत होती. मी लवंग धरत होते, दुसऱ्या बाजूने चावत होते, परीक्षा संपल्या की बघू म्हणत होते. विद्यार्थ्यांनी असं केलं असतं तर मी त्यांना सोलून काढलं असतं. त्या दिवशी सकाळी आरशात पाहिलं तर कोणीतरी माझ्या गालात लिंबू दडवून ठेवल्यासारखं दिसत होतं.

आईने कप घेतला. माझ्याकडे पाहिलं. कप खाली ठेवला.

"काहून वं," ती म्हणाली, "हे काय झालं तुले?"

मी तिथेच उभी राहिले. हलले तर हे जाईल, असं मला वाटलं.

"इकडे ये. पाहू दे मले. तोंड उघड. दाढ नाही काय ही? किती सांगतलं, चॉकलेट खाऊ नको म्हणून."

माझं वय चोपन्न आहे. मी गॅलरीच्या फरशीवर गुडघे टेकून बसले आणि आ केला.

मग आई उठली. वर्षभर ती स्वयंपाकघरात गेली नव्हती. एकदा गॅस तसाच सोडल्यापासून मीच तिला जाऊ देत नव्हते. आता ती भिंतीला हात लावत गेली, तवा शोधला आणि म्हणाली, "जाडं मीठ कुठी ठेवलं वं?" मी दिलं. गॅस मी पेटवला, बाकी सगळं तिने केलं. मीठ तडतडेपर्यंत भाजलं, वडिलांच्या जुन्या रुमालात ओतलं, चारी टोकं धरून पुरचुंडी बांधली. आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून पाहिली आणि मग माझ्या गालावर धरली. दुसरा हात माझ्या डोक्याच्या मागे, मी पळून जाऊ नये म्हणून.

"लागते काय?"

"नाही."

चांगलंच भाजत होतं. आणि मी इतकी सुखात होते की रडायला आलं.

मीठ काय करतं आणि काय करत नाही, हे मी पंचवीस वर्षं शिकवतेय. तव्यावरचं मीठ फक्त उष्णता धरून ठेवतं. दाढेच्या मुळाशी पू झाला असेल तर बाहेरून गालाला शेक देणं म्हणजे सुजेला आमंत्रण. कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा आतून भरायच्या असतात. हे सगळं मला तोंडपाठ होतं. कळतं पण वळत नाही म्हणतात, ते माझ्यासारख्या शिकलेल्यांसाठीच असावं. संध्याकाळी पुन्हा शेक घेतला.

सुजलेला गाल तिला कुठून आठवला असेल, ते मला लगेच कळलं. मी सातवीत होते. घरात एकटीच पोर, गळ्यात किल्ली. शाळेतून आले की कुलूप उघडून, झाकून ठेवलेलं खाऊन, आईची वाट बघायची. आई कधी रजा घ्यायची नाही. तिचं म्हणणं, आपल्या माणसांनी रजा घेतली की लोक लगेच बोट दाखवतात. तिला ताप आला तरी ती जायची, मला आला तरी जायची. पण त्या वर्षी माझी दाढ सुजली आणि डोळा बारीक होईपर्यंत गाल चढला, तेव्हा तिने चार दिवस रजा काढली. चार दिवस ती घरी होती! रोज दाताच्या दवाखान्यात नेणं, मिठाच्या पाण्याच्या चुळा, आणि वर तिचा स्वतःचा हुकमी उपाय म्हणून ही पुरचुंडी. मऊ भात भरवायची, वेण्या घालायची, दुपारी माझ्याशेजारी पडायची. मला दुखत होतं ते आठवत नाही. ती पडल्यावर तिच्या पदराला खडूचा वास नव्हता, हे आठवतं.

पाचव्या दिवशी सकाळी तिने अंगठ्याने गाल दाबून पाहिला. "बरी झाली ना? मग झालं," म्हणाली आणि पर्स घेऊन शाळेत गेली. ती गेल्यावर मी आरशासमोर उभी राहून गालात हवा भरून बघितली होती.

मंगळवारी कॉलेज सुटल्यावर मी नारायण पेठेत माझ्या दाताच्या डॉक्टरबाईंकडे गेले. मी विद्यार्थिनी असल्यापासून त्या माझे दात बघतात. दवाखान्यात पाटी आहे: 'दुखणे थांबले म्हणून आला नाहीत तर पुन्हा दुखेल. तेव्हाही रांगेतच बसावे लागेल.' बाईंचा स्वभाव पाटीसारखाच.

त्यांनी फोटो काढला, हिरडीवर बोट दाबलं, मी कळवळले.

"गालाची कातडी का लाल आहे?"

"शेक घेतला."

"कोणी सांगितलं?"

"आईने."

"आई डॉक्टर आहेत?"

"शिक्षिका होती."

"आणि आपण रसायनशास्त्राच्या. छान. घरात विद्वत्तेला तोटा नाही." त्यांनी हातमोजे बदलले. "मुळाशी पू आहे. आत्ता दाढ उघडते, त्याला वाट करून देते. सूज उतरायला लागेल."

"किती दिवसांत?"

"दोन-तीन."

मी खुर्चीत उठून बसले. आज घाई आहे, म्हणाले. आई घरी आहे, सांभाळणाऱ्या मावशींना वेळेवर जायचं असतं. हे खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. मावशी मांजरी गावातच राहतात, फोन केला असता तर थांबल्या असत्या.

"मग इथवर आलात कशाला, लक्ष्मी रोड बघायला?" बाई चिडल्या. तरी चिठ्ठी लिहून दिली. "या गोळ्या आजपासून. उद्या सकाळी दहाला यायचं म्हणजे यायचं. नुसत्या गोळ्या म्हणजे उपचार नाही. बाहेरून शेक बंद. तोंड उघडेना, गिळता येईना, ताप आला, सूज मानेकडे उतरली, तर दहा वाजायची वाट बघायची नाही."

मी गोळ्या घेतल्या आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवल्या. घरी गेल्यावर काढल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दहाला गेलेही नाही. स्पष्टच लिहिते: मला सूज उतरायला नको होती. दीड वर्षाने मला माझी आई मिळाली होती आणि ती या गालाला लागून आली होती. गाल बरा झाला की ती परत जाईल, हे मला सातवीपासून ठाऊक होतं.

बुधवारी मी रजा टाकली. आईने माझ्या आखूड केसांना तेल लावलं आणि वेणी होत नाही म्हणून मलाच बोलली. मऊ भात स्वतःच्या हाताने भरवला, अर्धा माझ्या ओढणीवर. मी म्हटलं, उद्या कॉलेजला जायला लागेल, तर म्हणाली, "काही नको जाऊ. चिठ्ठी देतो मी बाईंना." आणि खरोखर कागद मागून घेतला. अक्षर कापत होतं, पण रेघ सरळ. 'माझ्या मुलीची दाढ सुजल्यामुळे ती शाळेत येऊ शकत नाही. तरी रजा द्यावी.' खाली सही. सही करताना ती एकदाही अडली नाही.

"तुहे बाबा आले काय कारखान्यातून?" तिने विचारलं.

"येतील," मी म्हटलं. त्यांना जाऊन नऊ वर्षं झालीत.

दुपारी ती माझ्याशेजारी पडली. मी धीर करून विचारलं, "आई, मी कोण?"

"कोण म्हणजे? दाढ किडवून घेतलेली माही पोरगी," ती म्हणाली आणि पुरचुंडी पुन्हा गालावर ठेवली. मी डोळे मिटले. असं दोन-चार दिवस चालावं, निदान रविवारपर्यंत तरी, मग बघू, असा हिशेब मी करत होते. सातवीतली पोरगी बरी होती, तिला एवढा लबाडपणा येत नव्हता.

गुरुवारी सकाळी मला पाणी गिळता येईना. अंग तापलं होतं. तोंडात एक बोट कसंबसं जात होतं. मी ओढणी गळ्याभोवती घेऊन आईजवळ बसले. मावशी केर काढता काढता थांबल्या, ओढणी बाजूला केली.

"बाई, ही तर मान बी सुजली हाय. चला डाक्टरकडं."

"उद्या जाते."

"उद्या न्हाई. कालपास्नं बघतीया. आईला बरं वाटतंय म्हनून तुम्ही आसं बसलाय व्हय?"

त्यांना कळलं होतं. मला वाटत होतं, कोणाला कळत नाहीये. त्यांनी दातांच्या कण्या केल्या, मी हूं की चूं करेना, तेव्हा त्यांनी माझ्या दवाखान्याच्या फाइलवरचा नंबर बघून स्वतःच डॉक्टरबाईंना फोन लावला आणि पुतण्याची रिक्षा बोलावली. मी निघाले तेव्हा आई दारापर्यंत आली. "लवकर ये वं," म्हणाली.

डॉक्टरबाईंनी माझ्या जबड्याखाली हात लावला. त्या टोमणा मारीनात, तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले.

"गोळ्या किती झाल्या?"

मी पर्समधून पाकीट काढून दिलं. एकही गोळी फोडलेली नव्हती. त्यांनी पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. "का?"

मी सांगितलं. तोंड उघडत नव्हतं, त्यामुळे शब्द नीट निघत नव्हते, पण सगळं सांगितलं. त्या फोन हातात धरून ऐकत होत्या.

"ही सूज अजून खाली गेली की श्वास अडतो," त्या म्हणाल्या. "मग आईंना कोण सांभाळणार होतं?"

आपलेच दात, आपलेच ओठ. कोणाकडे तक्रार करणार? त्यांनी हॉस्पिटलात फोन केला, स्वतः चिठ्ठी लिहिली, रिक्षापर्यंत आल्या. हॉस्पिटलात चिरा देऊन पू काढला, दाढ काढली, सलाइन लावलं. शनिवारी दुपारी सोडलं. मावशी दोन्ही दिवस आईजवळ राहिल्या होत्या.

मी घरी आले तेव्हा गाल अर्धा उतरला होता. आई बराच वेळ बघत राहिली. "शेक घेतला काय तू?" म्हणाली. मी हो म्हटलं. रविवारी तिने नुसतं विचारलं, "दुखते काय?" सोमवारी मला बघून तिचा हात गालाकडे आला आणि मधेच थांबला. मग तो तिने पदराला पुसला. बुधवारी मी चहा घेऊन गॅलरीत गेले, तर ती थोडी सरकून बसली आणि म्हणाली, "या ना, बसा."

दोन्ही गाल अगदी सारखे झाले होते. डॉक्टरबाईंनी जखम बघून शाबासकी दिली, त्यांच्या पद्धतीने: "यावेळी सांगितलं ते केलंत. आश्चर्य आहे."

पुढे जे केलं त्याची मला लाज वाटते, पण लिहायला बसलेच आहे तर लिहिते. त्यानंतर आठवड्याभराने, मावशी दूध आणायला गेल्या होत्या तेव्हा, मी न्हाणीघरात आरशासमोर कापसाचा मोठा बोळा करून डाव्या गालात बसवला. बरीच सूज आल्यासारखी दिसली. मी तशीच गॅलरीत जाऊन आईसमोर बसले. गाल तिच्याकडे करून.

आईने निरखून पाहिलं. चाळीस वर्षं पोरांच्या तोंडातल्या पेन्सिली आणि चिंचा ओळखलेली बाई ती.

"आपल्या तोंडात काहीतरी आहे," ती म्हणाली. "काढून टाका ते. घशात जाईल."

मी बोळा काढून मुठीत धरला. खालच्या उसात कोणीतरी पाणी सोडलं होतं, त्याचा आवाज येत होता. आई तिकडे बघत होती. थोड्या वेळाने ती आपणहून बोलायला लागली. स्वच्छ, शुद्ध, शाळेतलं बोलणं.

"माझ्या मुलीचीसुद्धा दाढ सुजली होती. फार सुजली होती हो. मी रजा काढली, शेकली तिला."

"मग?"

"मग बरी झाली ती." तिने माझ्याकडे वळून पाहिलं. "त्यानंतर आली नाही. आपल्या ओळखीची आहे का?"

"आहे."

"बरी आहे ना?"

मी मान हलवली, पण तिला ते पुरेसं वाटलं नाही, ती वाट बघत राहिली. म्हणून म्हणाले, "हो. अगदी बरी आहे."

"मग झालं," आई म्हणाली. तिने पदर सारखा केला, चहाचा कप उचलला. "नाही आली तरी चालेल, म्हणावं तिला. दुखलं की मात्र लगेच ये म्हणावं. सांगाल ना आपण?"

"सांगते," मी म्हटलं.